घरातला गूळ, दुकानातलं बेल्लम

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो गूळ फोडण्याच्या आवाजानं. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एकच दार, अशी आमची रचना. दुकान उघडलं की बाबा ढेपेवरचं गोणपाट बाजूला करायचे, लोखंडी सळई तिच्यात रोवायचे आणि वरून दगडाचा ठोका घालायचे. पहिल्या ठोक्यांना ढेप दाद द्यायची नाही, मग एकदम भेग पडायची आणि सगळ्या घरात वास सुटायचा. थोडा उसाच्या रसाचा, थोडा धुराचा आणि थोडा गोणपाटाचाही. मी अंथरुणातच लोळत पडलेली असायची आणि आई म्हणायची, "उठ वं बाप्पा, वासानंच पोट भरून राह्यली काय?" ढेपेच्या कडेचा जो भुगा पडायचा तो बाबा विकत नसत. एका पितळी वाटीत जमा करून ती वाटी दारातून आत सरकवायचे. तो भुगा घरचा. मी एकुलती एक, त्यामुळे वाटीला वाटेकरी कुणी नव्हतं. होती ती फक्त आईची नजर.

त्या वाटीतून दिवसभर काय काय निघायचं! तुरीच्या वरणात चिंचेबरोबर एक खडा. कारल्याच्या भाजीत दोन. ज्वारीच्या भाकरीचा काला करून त्यात तूप आणि गूळ, हे माझं शाळेत जाण्याआधीचं जेवण. खोकला झाला की सुंठ आणि गूळ, पोट दुखलं की ओवा आणि गूळ, रडू आलं की नुसताच गूळ. कैऱ्या आल्या की गुळांबा, थंडी पडली की तिळाच्या वड्या. चहासुद्धा गुळाचाच. तो आई कसा करायची हे आजही माझ्या हाताला आठवतं: पाण्यात पत्ती आणि गूळ उकळायचा, भांडं चुलीवरून खाली घ्यायचं, त्याला जरा दम खाऊ द्यायचा आणि मगच दूध घालायचं. किनवटची काकू आली की साखरेच्या सवयीनं सगळं एकदम उकळायची आणि चहा फाटला की दुधाला नावं ठेवायची. आई फक्त माझ्याकडे बघून भुवई उडवायची, आणि मला हसू दाबायला अंगणात पळावं लागायचं.

परवा आमच्या नातसुनेनं मोबाइलात बघून गुळाचा केक केला. साखर जेवढी सांगितली होती तेवढाच गूळ मोजून घातला, दूधही सांगितलं तेवढंच ओतलं, आणि मधोमध खड्डा पडला तेव्हा मला विचारायला आली. मी म्हटलं, बाई, गूळ आपलं पाणी आपल्याबरोबर घेऊन येतो. दूध हात राखून घालावं आणि जाळही कमी ठेवावा, कारण गूळ लवकर करपतो. ती म्हणाली, "आजी, तुमच्याकडे ओव्हन होता?" ओव्हन कुठला! आमच्याकडे पळसाची पानं होती. आई कणकेत गुळाचं पाणी, थोडं तेल आणि बडीशेप घालून जाड पोळ्या थापायची, एक पान खाली आणि एक वर, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून ठेवायची. पानगे. वरचं पान काळं पडलं की पानगा झाला. पान सोलून काढलं की पोळीवर शिरांची नक्षी उठलेली असायची आणि कडेला गूळ जळून जी काळपट कुरकुरीत कड यायची, तिच्यासाठी मी आणि बाबा भांडायचो. केकची ती खड्डा पडलेली कडही मला तशीच आवडली, हे मी नातसुनेला सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसायची.

दुकानात साखर नव्हती असं नाही. एका डब्यात असायची, तहसीलच्या लोकांच्या चहासाठी आणि सावकारांच्या पाहुण्यांसाठी. पण बाबांनी ती कधी घरात येऊ दिली नाही. ते म्हणायचे, "जिले वासच नाई तिच्यावर भरोसा काय ठेवायचा?" साखरेच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता तसाच भाषेच्या बाबतीतही होता. दुकानात ते तेलुगू बोलत, गोंडी बोलत, कचेरीतल्या माणसांशी उर्दू बोलत आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांशी हिंदी. पण मधल्या दाराच्या आत पाऊल टाकलं की मराठी. गिऱ्हाइकाला "बेल्लम एंत?" म्हणजे गूळ किती, असं विचारणारा माणूस दार ओलांडून "गुळाची वाटी दे वं" म्हणायचा. ढेप तीच, पण दाराच्या पुढं ती बेल्लम आणि मागं गूळ. मला ते लहानपणी इतकं साहजिक वाटायचं, की माणूस खोली बदलतो तशी भाषा बदलते असाच माझा समज होता. आई दुकानात कधी बसली नाही, त्यामुळे तिला तेलुगू अजिबात येत नसे. तिचं सगळं जग दाराच्या मागं होतं.

मग राज्यं नव्यानं आखली गेली. निजाम गेला तेव्हा मी फारच लहान होते, त्यातलं मला काही आठवत नाही. पण हे आठवतं, कारण घरात त्याची चर्चा जेवताना व्हायची. आमच्या जिल्ह्यातला किनवट तालुका मुंबई राज्यात गेला आणि आम्ही नार्नूरच्या अलीकडले लोक आंध्रात राहिलो. किनवटला माझे धाकटे काका होते. त्यांचंही दुकानच. काका घरातून हलले नाहीत, आम्ही हललो नाही, आणि एका सकाळी आम्ही वेगवेगळ्या राज्यांत होतो. आईला हे काही केल्या पटेना. "म्हंजे भाऊजी आता परदेशात गेले काय?" ती विचारायची. बाबा हसायचे, पण त्यांचं हसणं अर्ध्यावर राहायचं.

आमच्यापर्यंत त्या आखणीची झळ आली ती शाळेतून. गावच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी वर्ग राहिला, पण पाचवीपासून पुढं मराठी शिकवायला माणूस मिळेना. त्याऐवजी आले ते थेट समुद्राकडचे, गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथले एक तेलुगू मास्तर. मी नुकतीच चौथी पास झाले होते. मला अक्षर बाबांनी शिकवलं होतं, दुकानातल्या पाटीवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. माझं अक्षर त्यांच्यासारखंच उजवीकडे झुकायचं आणि ते कुणालाही दाखवताना त्यांची छाती फुगायची. पाचवीचं समजलं त्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "तेलुगू शाळेत नाई टाकत मी पोरीले. किनवटले पाठवतो. भावाच्या घरी पोरगी राहीन, मराठीत शिकीन." आईच्या हातातली भाकर परातीत तशीच राहिली. मी मनात म्हटलं, काकूच्या घरी, साखरेच्या चहावर, आईशिवाय! आई एवढंच म्हणाली, "शाळा सुरू व्हाले टाइम हाय अजून." बाबांनी मान हलवली आणि तो विषय तात्पुरता तिथं थांबला.

मास्तरांना गावात जागा मिळत नव्हती. बाबांनीच त्यांना आमच्या अंगणापलीकडची खोली दिली. बाबांचं वैर भाषेशी नव्हतंच, हे मला आता कळतं. मास्तरांशी ते ओट्यावर बसून हिंदीत तासन्‌तास गप्पा मारायचे, "मास्टरसाब" म्हणून पान द्यायचे. मास्तरांबरोबर त्यांची बायको आली होती, रत्नम्मा. वयानं लहान, वेणीत नेहमी काहीतरी फूल, आणि दिवस राहिलेली. माहेर इतकं लांब, की पत्राचं उत्तर येईपर्यंत विचारलेला प्रश्न विसरून जावा. पहिल्या दिवशी आई तिच्यासाठी गुळाचा शिरा घेऊन गेली. रत्नम्मानं खाल्ला आणि कसा आहे हे विचारायला आईनं खुणेनं तोंडाकडे बोट नेऊन म्हटलं, "गोड? गोड हाय?" रत्नम्मानं वळून भिंतीकडे पाहिलं. आईनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, कारण समोरच्याला भाषा समजत नसली की आपण मोठ्यानं बोलतो: "गोड! गोड!" रत्नम्मा बिचारी उठली आणि भिंतीजवळ जाऊन तिथं पाल आहे का, पोपडा सुटलाय का, बघू लागली. आईला वाटलं, शिरा इतका वाईट झाला का, की ही उठूनच गेली! मास्तर आले तेव्हा उलगडा झाला. तेलुगूत गोड म्हणजे भिंत. पुढं कित्येक महिने आमच्याकडे कुठलाही पदार्थ चांगला झाला की रत्नम्मा गंभीर चेहरा करून भिंतीला हात लावायची, आणि आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. माझ्या आईला मैत्रीण अशी कधी नव्हती. तिला ती मिळाली ती अशी.

मी त्या दोघींच्या मधे बसायची आणि हळूहळू माझ्या कानात तेलुगू साचत गेलं. शिकले असं म्हणवत नाही, कारण कुणी शिकवलं नाही. रत्नम्माला माझ्या सुमन या नावाचा उच्चार जड जायचा, ती मला सुमा म्हणायची. किनवटचं तिला मास्तरांकडून कळलं होतं. रोज मी अंगण ओलांडून गेले की ती विचारायची, "सुमा, उंटावा, पोतावा?" राहशील की जाशील? आणि मी म्हणायची, "उंटानु." राहीन. सुरुवातीला तो खेळ होता. ती विचारायची, मी उत्तर द्यायची, ती बक्षीस म्हणून माझ्या हातावर काहीतरी ठेवायची. मग खेळाचं रूप जाऊन त्याचं जपासारखं झालं. मला वाटायचं, रोज म्हटलं तर खरं होईल.

रत्नम्माला सातवा लागला तेव्हा आईनं ठरवलं की तिचं डोहाळजेवण आपणच करायचं. "माहेर नाई त काय झालं, अंगण त हाय," ती म्हणाली. काय खावंसं वाटतं असं विचारल्यावर रत्नम्मानं हातानं वाटोळा आकार काढला, बोटांनी वर काहीतरी पेरल्यासारखं केलं आणि म्हणाली, "अरिसेलु. बेल्लम, बिय्यम." बेल्लम म्हणजे गूळ हे एव्हाना आईला ठाऊक होतं आणि बिय्यम म्हणजे तांदूळ हे मी सांगितलं. वाटोळे, गुळाचे, तांदळाचे, वर पेरलेलं काहीतरी. आईचा चेहरा उजळला. "अवं, अनारसे म्हना की!" तिनं तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, उखळात कुटले. गूळ मात्र त्या वर्षीचा नवा होता, ओलसर, बोटाला चिकटणारा. बाबांनी दारातून सांगितलंही होतं, "ह्यो गूळ अनारशाले नाई चालत, जुना काढून देतो." पण आईला नव्या गुळाचा रंग आवडला होता. तिनं पीठ आणि गूळ मळून गोळे करून ठेवले.

डोहाळजेवणाच्या सकाळी कढई तापली. रत्नम्मा पाटावर बसून कौतुकानं पाहत होती. आईनं पहिला अनारसा खसखशीवर थापला, तुपात सोडला, आणि तो हसला. अनारसे करणाऱ्या बायकांना सांगायला नको, पण ज्यांनी ते कधी केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: अनारसा तुपात पडल्यावर फाकत फाकत गेला, त्याची चाळण होऊन विरघळला, की आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात. करणारीच्या तोंडचं पाणी पळतं आणि तो मेला हसतो. आईनं दुसरा सोडला. तोही हसला. तिसरा तर कढईभर पसरला. आई खाली बसली आणि तिनं कपाळाला हात लावला. "हसले वं... सगळे हसले." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिला वाटलं, लेकुरवाळी व्हायला निघालेल्या पोरीच्या जेवणाला हा अपशकुन झाला.

रत्नम्मा घाबरली. "एमैंदि अक्का?" काय झालं? आई नुसती "हसले, हसले" करत होती. मी दोघींकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा एक आख्खं तेलुगू वाक्य निघालं, कुणी न पढवलेलं, माझं मीच जुळवलेलं: "अरिसेलु नव्वायि." अरिसे हसले. रत्नम्मा क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मुलखात पदार्थ बिघडतो, मोडतो, पण हसत नाही. मग ती जी हसायला लागली, पोट धरून, भिंतीला टेकून, "नव्वायि! नव्वायि!" करत, की आईचं रडू कुठल्या कुठं गेलं. तिनं डोळे पुसले आणि तीही हसू लागली. मग रत्नम्मानं पदर खोचला. उरलेल्या गोळ्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "पाकम." आई म्हणाली, "पाक?" "पाकम." "पाकच ना?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतके दिवस खुणा करकरून दमलेल्या त्या दोघींना एक शब्द असा सापडला जो दोन्हीकडे एकच होता. रत्नम्मानं थोड्या गुळाचा पाक केला, त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का पाहिलं, त्यात कोरडं पीठ आणि ते हसरे गोळे घालून घोटलं. आईनं त्यावर खसखस लावली, तिनं उलट्या बाजूला तीळ लावले. निघालं ते ना अनारसा ना अरिसे. पण कढईत ते गुमान राहिलं, आणि खाल्लं तेव्हा रत्नम्मा उठून भिंतीला हात लावून आली.

त्या हसण्याच्या गडबडीत माझं लक्ष दाराकडे गेलं. बाबा जुन्या गुळाचा खडा हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते. आईच्या मदतीला म्हणून आणला असणार. ते कधी आले होते कुणास ठाऊक, पण माझं वाक्य त्यांनी ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. रागावलेले नव्हते. दुकानात एखादं नाणं खोटं आहे की खरं हे पाहताना ते जसे बघायचे तसे माझ्याकडे बघत होते. खडा त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि ते परत गेले. संध्याकाळी ओट्यावर मास्तर त्यांना म्हणाले, "बच्ची की ज़बान बहुत साफ़ है. पाँचवीं में बैठने दीजिए, मैं देख लूँगा." आणि त्याच ओट्यावरून आत येऊन बाबांनी आईला सांगितलं, "येत्या बाजाराच्या दिवशी किनवटची गाडी जाऊन राह्यली. तिच्यात पाठवतो सुमीले."

आई म्हणाली, "शाळेले त अजून टाइम हाय. आताच काऊन?"

बाबांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "अवं, उद्या हिचं लगन होईन, लेकरं होतीन. थे लेकरं मायासंग कोन्या बोलीत बोलतीन? तू त त्याइचं नावसुद्दा घेऊ शकनार नाई धड."

तेव्हा मला हे बोलणं निव्वळ दुष्टपणाचं वाटलं होतं. मी आतल्या आत त्यांच्याशी कट्टी केली होती. आज माझे पणतू फोनवर येतात तेव्हा एक तेलुगूत बोलतो, एक इंग्रजीत, आणि धाकटी, आईनं मागून ढोसलं की, "आजी, कशी आहेस?" एवढं पाठ केलेलं मराठी वाक्य म्हणते. मी तिला मराठीत उत्तर देते आणि ती आईकडे बघते. अशा वेळी बाबांचा तो प्रश्न मला अगदी त्यांच्या आवाजात ऐकू येतो. त्यांना पुढचं दिसत होतं. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की, त्यांना ते एकट्याला दिसत होतं.

बाजाराच्या आदल्या दुपारी आई माझ्यासाठी शिदोरी करत होती. गुळपापडी. कणीक तुपात भाजून झाली होती, शेजारी गूळ विरघळत होता. गेले काही दिवस ती सारखी माझी वेणी घालायची, घातलेली सोडून पुन्हा घालायची. बाबा जेवायला आत आले. पान वाढलेलं होतं. आई चुलीकडे तोंड करून, कढईतलं उलथनं न थांबवता म्हणाली, "तुमी तिले इचारलं काय?"

"लेकराले काय इचारायचं?"

"जानार थे हाय. मी नाई, तुमी नाई."

माझ्या आईनं बाबांना उलट उत्तर दिलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं ऐकलं नाही. बाबा पाटावर बसायचे थांबले. उभ्याउभ्याच माझ्याकडे वळले. त्यांना माझी तोंडओळख नव्यानं करून घ्यायची असावी असं काहीतरी त्या पाहण्यात होतं. मला आठवतं, त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला गुळाचा भुगा लागलेला होता. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सांग सुमे. तू राह्यशीन का जाशीन?"

राहायचं होतं मला, दुसरं काय हवं होतं? त्यासाठीच मी कितीतरी दिवस देवाला नवस बोलत होते. आणि प्रश्न तोच होता, त्याच चालीचा, रत्नम्मा रोज विचारायची तो. माझं तोंड माझ्या आधी बोललं.

"उंटानु."

चुलीपुढं, आईच्या शेजारी, दाराच्या अलीकडे. मी जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. बाबांनी मला मराठीत पुन्हा सांग म्हणायला हवं होतं. मी लगेच म्हटलं असतं, "राह्यतो बाबा, राह्यतो," दहादा म्हटलं असतं. पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी वाढलेल्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मधल्या दाराच्या मागं आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तेलुगू शब्द उच्चारला.

"सरे," ते म्हणाले, आणि दार ओलांडून दुकानात निघून गेले.

सरे म्हणजे बरं. ठीक. तू म्हणतेस तसं. रत्नम्माच्या तोंडी तो शब्द आईनं अनेकदा ऐकला होता, पण बाबांच्या तोंडून तिचा कान मराठीच ऐकायला बसलेला होता. तिनं घाईनं मागं वळून गुळाच्या वाटीकडे पाहिलं, पिठाच्या डब्याकडे पाहिलं. "काय सरलं वं?" तिनं विचारलं.

मी तिला सांगितलं की काही सरलं नाही, बाबा बरं म्हणाले, मी कुठं जात नाही, इथंच राहणार आहे. आधी तिला ते खरंच वाटेना. मग तिनं कढई खाली उतरवली आणि पिठाच्या हातांनीच मला इतकं घट्ट धरलं की माझा श्वास अडकला. ती रडत होती आणि हसत होती, आणि मीही. मग थोड्या वेळानं तिचे हात सैल झाले. ती दाराकडे बघत होती.

"बरं म्हनाले," ती म्हणाली, "मंग न जेवता काऊन गेले?"